गोल्ड कॅम्प रोडचा बंद तुकडा गाड्यांना बंदच राहू द्या: कोलोरॅडोतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

कोलोरॅडो स्प्रिंग्ज, डेन्व्हर, बोल्डर, फोर्ट कॉलिन्स, जिथे कुठे राहत असाल तिथल्या सगळ्यांना हे पत्र. मे महिना लागला की आपल्याकडे आई-बाबा, सासू-सासरे यायला लागतात आणि मग ग्रुपवर दरवर्षी कोणीतरी तोच विषय काढतं, की कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या डोंगरातला एवढा सुंदर गोल्ड कॅम्प रोड, एक बोगदा पडला म्हणून इतकी वर्षं बंद ठेवतात म्हणजे काय, आपण सगळ्यांनी मिळून फॉरेस्ट सर्व्हिसला, म्हणजे इथल्या सरकारी वनखात्याला, मेल केले तर उघडतील, वयस्कर माणसांनी बघायचं तरी कसं. त्यावर अंगठे पडतात, दोनचार जण मेलचा मसुदा पण टाकतात.

माझी हात जोडून विनंती आहे, हा मेल करू नका. आणि करायचाच असेल तर उलट मागणी करा. का ते सविस्तर सांगते, पत्र लांबणार आहे, पण चहा घेऊन बसा आणि पूर्ण वाचा.

आधी हा रस्ता मुळात काय आहे ते. आपल्यातले बरेच जण त्याला "तो बोगद्यांचा मातीचा रस्ता" एवढंच ओळखतात. तो रस्ता म्हणून कोणी बांधलेलाच नाही, ती रेल्वे लाइन होती. पाइक्स पीक डोंगराच्या मागच्या अंगाला क्रिपल क्रीक आहे ना, जिथे आता कसिनो आहेत, तिथे १८९० च्या सुमाराला बॉब वोमॅक नावाच्या एका गुराख्याला सोनं सापडलं आणि पुढच्या दहा वर्षांत त्या उजाड कुरणात गावंच्या गावं उभी राहिली. खनिज खाली आणायला दोन रेल्वे आल्या, १८९४ ला फ्लॉरेन्सकडून दरीतून वर चढणारी नॅरोगेज आणि १८९५ ला मिडलँड टर्मिनल. पण या दोघी मालवाहतुकीचे दर मनाला येईल तसे लावायच्या, म्हणून खाणमालक वैतागले आणि त्यांनी सरळ स्वतःची तिसरी लाइन टाकली, कोलोरॅडो स्प्रिंग्जहून थेट डोंगराच्या कडेकडेने. १९०१ मध्ये ती सुरू झाली. लांबलचक अधिकृत नाव होतं, पण सगळे तिला शॉर्ट लाइन म्हणायचे. साधारण पंचेचाळीस मैल, खाली सहा हजार फूट आणि वर दहा हजारांच्या आसपास.

थिओडोर रूझवेल्ट १९०१ साली उपराष्ट्राध्यक्ष असताना या गाडीतून गेले आणि या प्रवासाचं वर्णन करायला गेलं तर इंग्रजी भाषेचं दिवाळं निघतं अशा अर्थाचं काहीतरी बोलले असं इथे सगळे सांगतात, हे वाक्य तुम्ही इथल्या माहितीपत्रकांवर वाचलंही असेल. पण नुसत्या देखाव्यावर रेल्वे चालत नाही. तीन रेल्वे एकाच मालासाठी भांडत होत्या, वर खाणींतलं सोनंही कमी होत गेलं, आणि १९२० साली शॉर्ट लाइन बंद पडली. मग १९२२ मध्ये कोर्ली नावाच्या एका कोळशाच्या व्यापाऱ्याने ती अख्खी लाइन विकत घेतली, रूळ उपटून काढले आणि त्याच पट्ट्यावर मोटारींसाठी टोल रोड केला, गाडीमागे एक डॉलर. त्याची मुदत १९३९ ला संपली, रस्ता फॉरेस्ट सर्व्हिसकडे आला, फुकट झाला, आणि त्याला गोल्ड कॅम्प रोड म्हणायला लागले. १९८८ साली तिसऱ्या क्रमांकाच्या बोगद्याचा आतला भाग ढासळला आणि तेव्हापासून मधला साधारण आठ मैलांचा तुकडा गाड्यांना बंद आहे. खालचा भाग उघडा आहे, बोगदा नंबर एक आणि दोन त्यावरच लागतात. वरचा भागही उघडा आहे, त्यावर ओल्ड स्टेज रोडने जाता येतं.

आता माझा मुद्दा. आगगाडीचं चाक म्हणजे लोखंडावर लोखंड, त्याला चढ सोसत नाही. मोटार जिथे दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत चढते तिथे आगगाडी जागेवर घसरते. म्हणून रेल्वेवाले इंजिनिअर डोंगर आला की समोरून चढत नाहीत, ते प्रत्येक घळीत आत शिरतात, वळसा घालतात, परत बाहेर येतात, जिथे वळसा शक्य नाही तिथे कडा फोडतात किंवा बोगदा मारतात, लांबी कितीही वाढो, चढ वाढता कामा नये. शॉर्ट लाइनचा जास्तीत जास्त चढ शंभर फुटांना चार फुटांच्या आसपास ठेवलेला होता. रेल्वेच्या मानाने हा पण बराच कडक आहे, आपला बोरघाट सदतीसला एक आहे, म्हणजे शंभराला पावणेतीन पण नाही, तरी कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिन, लावल्याशिवाय बहुतेक गाड्या लोणावळ्याला पोचत नाहीत. पण माणसाच्या पायांना चार टक्के म्हणजे काहीच नाही. इथल्या आपल्या आवडत्या ट्रेल्स आठवून बघा, पंधरा टक्के, वीस टक्के, मॅनिटू इन्क्लाइनच्या उभ्या पायऱ्या तर सोडूनच द्या. फरक स्वतः बघायचा असेल तर एका दिवशी ओल्ड स्टेज रोड आणि लोअर गोल्ड कॅम्प रोड दोन्हीवर गाडी घालून बघा, पहिला घोडागाड्यांच्या काळातला, तो सरळ अंगावर येतो, दुसरीकडे गाडी चढतेय हे कळतसुद्धा नाही.

म्हणजे झालंय असं, की सत्तरीच्या, गुडघे दुखणाऱ्या, सहा हजार फुटांवरची विरळ हवा नवीन असणाऱ्या आपल्या आई-बाबांना रॉकीजच्या आत पायी जाता येईल अशा ज्या मोजक्या वाटा आहेत, त्यातली एक म्हणजे हाच बंद तुकडा. आणि नेमका तोच आपण "म्हाताऱ्या माणसांसाठी" गाड्यांना उघडायला सांगतोय.

माझ्या आईचंच सांगते. आम्ही मूळचे कर्जतचे, आजोबा रेल्वेत होते, आईचं लहानपण घाटाच्या पायथ्याशी इंजिनांच्या आवाजात गेलेलं. ती इथे आली तेव्हा तिच्या गुडघ्यांमुळे आम्ही सगळीकडे तिला गाडीतूनच फिरवत होतो, गार्डन ऑफ द गॉड्स गाडीतून, पाइक्स पीक गाडीतून, आणि ती बिचारी काही बोलायची नाही पण काचेतून बघून कंटाळली होती हे कळत होतं. एका सकाळी नॉर्थ शायान कॅनियनच्या वरच्या पार्किंगला गाडी लावली आणि गेटच्या पलीकडे तिला म्हटलं चार पावलं चालू, दमलीस तर परत. ती चालायला लागली. थोडं पुढे गेल्यावर थांबली, मागे बघितलं, पुढे बघितलं, आणि म्हणाली, "हा चढ आगगाडीचा आहे गं, माणसांनी केलेली वाट अशी नसते." मी तिला तोवर रेल्वेचं काही सांगितलेलंच नव्हतं. मग ती मलाच दाखवत सुटली, हे बघ इथे कडा फोडलाय, ही सुरुंगाच्या भोकांची अर्धी राहिलेली नळी, इथे आतल्या अंगाला पाणी जायला चर ठेवलाय, इकडे भराव घातलाय, वळण बघ कसं एकसारखं फिरतंय, कुठे मोडत नाही. खडकाला तिने हात लावून ती अर्धगोल खाच बोटाने चाचपून बघितली. मी त्या वाटेने कितीतरी वेळा गेले असेन, मला ती खाच कधी दिसली नव्हती. ओढ्यापर्यंत गेलो, पाऊण मैल, तिथे सेव्हन ब्रिजेसची ट्रेल वर जाते, तिथे दगडावर बसून डब्यातले थालीपीठ खाल्ले आणि परत आलो. गुडघ्याचं नावही निघालं नाही. तिच्या सगळ्या अमेरिका ट्रिपमधलं ती आजही फोनवर हेच सांगते.

आता कल्पना करा, तिथून दर दोन मिनिटांना एक एसयूव्ही गेली असती तर. तो पट्टा एका रेल्वे रुळाच्या रुंदीचा आहे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, कठडा बहुतेक ठिकाणी नाही. समोरून गाडी आली की चालणाऱ्याने कड्याला चिकटून उभं राहायचं आणि धूळ खायची. धूळ पण कसली, इथला पाइक्स पीक ग्रॅनाइट उन्हापावसाने सुटून त्याची गुलाबी रेव होते, कच्च्या साबुदाण्यासारखी पायाखालून सरकते, गाड्या गेल्या की तिचे पन्हाळीसारखे आडवे वळ पडतात आणि मग ना धड चालता येतं ना धड गाडी चालवता येते. लोअर गोल्ड कॅम्पवर शनिवार-रविवारी काय होतं ते बघताच की तुम्ही, बोगद्यात एकच गाडी मावते, दोन्ही बाजूंनी लोक घुसतात, मग मागे घ्या, हॉर्न वाजवा, त्यात कोणीतरी बोगद्याच्या मध्येच उतरून रील काढत असतं. त्या भागात पायी चालणारी वयस्कर माणसं मला तरी दिसलेली नाहीत.

काही जणांचं म्हणणं मला माहितीये. "ज्यांना पाऊण मैलही चालता येत नाही त्यांचं काय?" रास्त प्रश्न आहे आणि त्याला उत्तर आहे. त्यांच्यासाठी गाडीने बघायच्या जागा या भागात भरपूर आहेत. वरचा गोल्ड कॅम्प रोड उघडा आहे, ओल्ड स्टेजने चढून सेंट पीटर्स डोमच्या अंगाने कथीड्रल पार्ककडे, पुढे व्हिक्टर आणि क्रिपल क्रीकपर्यंत, तोही शॉर्ट लाइनचाच पट्टा, तीच वळणं, खाली पसरलेलं मैदान. दुसरं म्हणजे फॅन्टम कॅनियन रोड, ती वर सांगितलेली १८९४ ची नॅरोगेज, १९१२ च्या पुराने तिची दरीतली लाइन वाहून गेली आणि नंतर तिचाही रस्ता झाला, फ्लॉरेन्सजवळून व्हिक्टरपर्यंत, दोन जुने बोगदे आहेत, गाडीतूनच जायचं. आणि नुसतं उंचावर जायचं असेल तर पाइक्स पीकचा हायवे आहे, मॅनिटूहून दातेरी रुळावरून चढणारी कॉग रेल्वे आहे, १८९१ पासूनची, बसल्या जागी १४ हजार फूट. म्हणजे त्याच डोंगराच्या भोवती चाकांवर बसून बघायची सोय चारही बाजूंनी आहे. सपाट, शांत, पायी जायची सोय हीच कमी आहे.

दुसरा मुद्दा आगीचा, आणि हा मी हलका घेत नाही. २०१२ ची वाल्डो कॅनियनची आग आपल्यातल्या कित्येकांनी घराच्या गॅलरीतून बघितलीये, ३४६ घरं गेली. ओल्ड स्टेजवर वर राहणाऱ्या लोकांना खाली यायला दुसरी वाट नको का, असं कोणी विचारलं तर मी गप्प बसेन. अग्निशमनवाले म्हणाले की आम्हाला हा पट्टा आणीबाणीला लागतो, तर त्यांच्यासाठी तो दुरुस्त व्हावा, गेटची किल्ली त्यांच्याकडे असावी, माझा त्याला पाठिंबाच आहे. पण ते वेगळं आणि रविवारी सगळ्यांनी ड्राइव्हला जाणं वेगळं. या दोन गोष्टी एकाच मेलमध्ये मिसळू नका.

तिसरं, पाण्याचं. मातीचा रस्ता गाड्यांनी भुगा झाला की पहिल्याच मोठ्या पावसात ती रेव ओढ्यात जाते. आणि इथल्या जुलै-ऑगस्टच्या दुपारी कसा पाऊस कोसळतो ते तुम्हाला सांगायला नको. शेजारच्या बेअर क्रीकमध्ये ग्रीनबॅक कटथ्रोट ट्राउट हा कोलोरॅडोचा राज्यमासा आहे, २०१२ मध्ये डीएनए तपासून कळलं की त्याचा शुद्ध वंश तेव्हा निसर्गात फक्त या एका ओढ्यात उरला होता. त्या माशासाठी या डोंगरात ट्रेल्स हलवल्यात, रेव अडवायला किती खटपट केलीये. आणि पलीकडच्याच खोऱ्यात आपण आठ मैल मातीच्या रस्त्यावर गाड्या सोडायला सांगायचं, हे मला पटत नाही.

भुताच्या गोष्टीबद्दल पण एकदा बोलते कारण आपली मुलंच त्यात पुढे असतात. तिसऱ्या बोगद्यात म्हणे शाळेची बस गाडली गेली आणि मुलं दगावली. असं काही घडलेलं नाही, तशी कुठलीच नोंद नाही. लाकडी आधार कुजले, आतून छत खाली आलं, एवढंच. बोगद्याच्या तोंडाला जाळी आहे ती भुतासाठी नाही, वरचा खडक अजून सुटतो म्हणून आहे. हायस्कूलची पोरं जाळीच्या फटीतून आत जातात, मोबाइलच्या उजेडात व्हिडिओ काढतात, भिंतींवर स्प्रेने नावं रंगवतात. आपापल्या घरी मुलांना नीट बसवून सांगा. खरी गोष्ट सांगा, ती पण काही कमी नाही, की सव्वाशे वर्षांपूर्वी इथून सोन्याच्या खनिजाने भरलेल्या मालगाडीच्या वाघिणी खाली यायच्या आणि खाली येताना ब्रेक धरून ठेवणं हेच सगळ्यात जोखमीचं काम होतं.

मला हे इतकं लागतं त्याचं कारण सांगायला हवं. ज्या घाटाच्या पायथ्याशी मी वाढले, तो बोरघाट १८५६ ते १८६३ या सात वर्षांत फोडला. १८६१ साली तिथे एका वेळी बेचाळीस हजार माणसं कामाला होती, आणि पटकी, ताप, सुरुंग, दरड यांनी किती हजार गेली त्याचा नुसता अंदाज बांधतात. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार इथे येऊन थोड्याच दिवसांत मेला, मग त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट पुढे चालवून पूर्ण करून घेतलं. खंडाळ्याजवळ गाडी उलटी फिरवायचं रिव्हर्सिंग स्टेशन होतं, ते १९२९ मध्ये नवीन लाइन झाल्यावर सोडून दिलं. रोज हजारो माणसं तिथून जातात, गाडीने आणि मोटारीने, आणि काचेतून काहीही दिसत नाही कारण वेगच तेवढा असतो. फोडलेला कडा, हाताने रचलेला भराव, हे पायाने चालल्याशिवाय कळत नाही, माझ्या आईला ते पाऊण मैलात कळलं. असा चालायला मोकळा मिळालेला जुना घाट आपल्या दाराशी आहे, तो आपण आपल्याच हाताने परत मोटारींना देऊ नये.

तर आता करायचं काय. फॉरेस्ट सर्व्हिस अशा कामांवर लोकांची मतं मागवते, तेव्हा आपण लिहायचं, मराठी मंडळींनी पण लिहायचं, आपण इथे टॅक्स भरतो, आपलं मत पण मोजलं जातं. काय लिहायचं ते मी माझ्यापुरतं ठरवलंय, तुम्हाला पटलं तर घ्या. मधला तुकडा चालणाऱ्या आणि सायकलवाल्यांसाठीच ठेवा. तिसऱ्या बोगद्याला वळसा घालून जी पायवाट वर चढते ती फार उभी आणि निसरडी आहे, धडधाकट माणूस जातो पण आमच्या आईसारख्यांना ती जमणार नाही, त्या वाटेचा चढ कमी करा, एका बाजूला धरायला काहीतरी लावा, म्हणजे वयस्कर माणसांना बोगद्याच्या पलीकडे, जिथे पुन्हा तोच सोपा रेल्वेचा पट्टा सुरू होतो, तिथे जाता येईल. पाणी जायचे जुने चर साफ ठेवा, बुजले की रस्ताच खचतो. ओढ्यापर्यंतच्या पाऊण मैलात दोनतीन बाकं टाका. आणि गेटपाशी शॉर्ट लाइनचा इतिहास सांगणारी एक चांगली पाटी लावा, जुन्या फोटोंसकट.

नुसतं लिहून पण भागणार नाही. फ्रेंड्स ऑफ शायान कॅनियन नावाचा इथला गट आहे, त्यांच्या कामाच्या दिवशी फावडी घेऊन जायला माणसं लागतात. आपण गणपतीला शंभर माणसांचा स्वयंपाक एका दिवसात उरकतो, चर साफ करायला वीसपंचवीस जण जमायला काय हरकत आहे.

आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर थोडं व्यवहाराचं. आल्या आल्या पहिल्या दोनतीन दिवसांत नेऊ नका, उंचीची सवय होऊ दे. सकाळी लवकर जा, वीकेंडला नवाच्या पुढे वरच्या पार्किंगला जागा मिळत नाही, आणि दुपारी वीज पडायला लागायच्या आत खाली या. जाताना वाटेत हेलन हंट फॉल्स अगदी रस्त्यालगत आहे, तिथे थांबा. चप्पल-सँडल नको, रेवेवर पाय सरकतो, बूट घाला, काठी असेल तर घ्या. पाणी भरपूर. स्पीकरवर गाणी नकोत. ओढ्याच्या पुढे सेव्हन ब्रिजेसचे पूल आहेत ते छान आहेत पण तिथे चढ आणि खडक सुरू होतात, सेंट मेरीज फॉल्स तर शेवटी फारच उभा आहे, तिकडे मोठ्यांना ओढू नका, ओढ्यापर्यंतच पुरे.

ज्यांनी आधीच मेल पाठवलाय त्यांनी परत एक पाठवावा ही विनंती. मसुदा हवा असेल तर ग्रुपवर मला विचारा, मी इंग्रजीत लिहून ठेवलाय, आपापल्या शब्दांत बदलून घ्या, सगळ्यांचे मेल एकसारखे गेले की ते वाचत नाहीत.

तुमची,
कोलोरॅडो स्प्रिंग्जमधली एक कर्जतकर